कुकरच्या शिट्ट्या, जीएसटी आणि फोन: एका वेळी नेमकं किती पेलतं?

प्रश्न असा आहे: "मी वडोदऱ्यात, कारेलीबागेत राहते. वय ४१. अलकापुरीतल्या एका व्यापाऱ्याचे हिशोब बघते. निम्मे दिवस ऑफिसात, निम्मे घरून. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई कौतुकानं 'अष्टावधानी' म्हणायच्या. आता कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आठवत नाही, एकच व्हाउचर दोनदा चढतं, आतल्या खोलीत जाते आणि कशाला आले तेच विसरते. मुलगी सी.ए. इंटरचा अभ्यास कानात गाणी आणि शेजारी मोबाइल ठेवून करते. टोकलं तर म्हणते, 'आई, आमच्या मेंदूला सवय आहे, तुझ्या नाही.' माझा मेंदू थकलाय का? आणि तिचं म्हणणं खरं आहे का?"

ताई, तुमच्या लिहिण्यावरून तरी तुमचा मेंदू थकलेला दिसत नाही, आणि तिचाही काही वेगळ्या मातीचा नाही. दोघींच्या डोक्यात एका वेळी मावतं ते सारखंच, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. तुमच्या दिवसाचे तुकडे मात्र आता फार झालेत. आणि चूक सहसा काम करताना होत नाही. ती होते एका कामावरून उठून परत त्याच कामावर बसताना. मला जे सांगायचंय ते या परत बसण्याबद्दल.

मी डॉक्टर नाही. कोयली-नंदेसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत कंट्रोल रूमच्या पॅनेलवर बसणारी मुलं तयार करणं हा माझा धंदा, आणि नोकरीची बरीच वर्षं त्यातच गेली. पॅनेल ऑपरेटरसमोर सहा-आठ स्क्रीन असतात, हाताशी वॉकी-टॉकी, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला लॉगबुक, आणि मागे कुणीतरी साहेब उभा, ज्याला आत्ताच्या आत्ता आकडा हवा असतो. इथे एक पायरी सुटली तर दूध नाही, टाकी उतू जाते. त्यामुळे माणसाचं लक्ष कुठे तुटतं याचा अभ्यास आम्ही हौसेनं करत नाही, करावाच लागतो.

'दोन कामं एकदम होतच नाहीत' असं हल्ली जिकडेतिकडे वाचायला मिळतं. ते सरसकट खरं नाही. पोळ्या लाटता लाटता तुम्ही नणंदेशी तासभर बोलू शकता. सुरसागरभोवती फेऱ्या मारता मारता अख्खं राजकारण निकालात निघतं. मुरलेलं काम हात-पाय आपापलं करत राहतात. अडतं ते 'आता काय करायचं' हे ठरवायची वेळ आली की.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ वेलफर्ड यांनी १९५२ साली हे मांडलं आणि पुढे अमेरिकेत हॅरल्ड पॅशलर यांनी एकामागून एक प्रयोग करून पक्कं केलं. प्रयोग अगदी साधा. आवाज आला की तो उंच की खालचा ते ओळखून बटण दाबायचं. अक्षर दिसलं की ते मोठ्यानं म्हणायचं. दोन्ही लहान मुलालाही जमतील. पण आवाजाच्या पाठोपाठ लगेच अक्षर आलं, तर अक्षराचं उत्तर उशिरा येतं, आणि दोन्हींमधलं अंतर जितकं कमी तितका उशीर जास्त. डोळ्यांनी अक्षर पाहिलेलं असतं, तोंड मोकळं असतं, तरी थांबावं लागतं. निर्णय घेणारी खिडकी एकच उघडी असते आणि पहिलं गिऱ्हाईक अजून तिथून हललेलं नसतं.

हा उशीर सेकंदाचा काही भागच असतो. टेबलावर त्यानं काही बिघडत नाही. पण स्कूटर ताशी ४० किलोमीटरनं चालली असेल तर सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच मीटर, आणि तेवढ्यात काळाघोडा सर्कलला पुढची रिक्षा थांबलेली असते. हेडफोन लावला, हात मोकळे ठेवले, तरी फरक पडत नाही, हे युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटानं २००१ पासून वारंवार दाखवलंय; अडकलेलं असतं ते डोकं, हात नव्हे. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं मात्र फोनइतकं घातक ठरत नाही. समोर गाय आली की मागे बसलेली बाई आपोआप गप्प होते. फोनवरच्या वहिनीला गाय दिसत नाही.

आता एक गोष्ट स्वतः करून बघा, मुलीलाही करायला लावा. मोबाइलवर वेळ लावून 'क' पासून 'ञ' पर्यंत दहा अक्षरं म्हणा. मग १ ते १० म्हणा. दोन्हींची बेरीज लिहून ठेवा. मग आलटून पालटून म्हणा: क एक, ख दोन, ग तीन… अक्षरं तीच, आकडे तेच, एकूण तोंड हलवायचं तेवढंच. तरी वेळ बेरजेच्या बराच पुढे जातो, आणि 'ङ'च्या आसपास भलेभले अडखळतात. आमच्या वर्गात नवा इंजिनीअर आला की मी त्याला पहिल्या दिवशी हे सगळ्यांसमोर करायला लावतो. त्यानंतर 'मला मल्टीटास्किंग जमतं' असं आठवडाभर कुणी म्हणत नाही. याचा मूळ प्रयोग आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ सालीच केला होता. १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: काम बदलणार आहे हे आधी सांगितलं, तयारीला वेळ दिला, तर बदलाचा भुर्दंड कमी होतो, पण पूर्ण जात नाही. नव्या कामाला हात घातल्यावरच तो फिटतो.

इथवर झालं लक्षाचं. तुमच्या शिट्ट्या आणि व्हाउचरं मात्र स्मरणाच्या खात्यातली आहेत, आणि त्या खात्यातलं सगळ्यात छोटं कपाट म्हणजे कार्यस्मृती: काम चालू असताना, काही सेकंदांपुरतं, मनात धरून ठेवतो ते. हातचा एक धरून पुढच्या रकान्याकडे जातो तेव्हा तो 'एक' जिथे असतो, ती जागा.

ती किती मोठी? १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी 'सात, दोन कमी-जास्त' हा आकडा प्रसिद्ध केला आणि तो इतका गाजला की अजून लोकांच्या तोंडी आहे. पण सातपर्यंत आपण पोचतो ते मनातल्या मनात घोकून आणि जुळवून. त्या युक्त्या काढून घेतल्या तर उरतात चारच्या आसपास, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळे पुरावे एकत्र मांडून दाखवलं. चार सुट्या गोष्टी. त्यात एक 'शेठना फोन करायचाय', एक 'दोन शिट्ट्या झाल्या', एक 'हे व्हाउचर चढवलं का?', आणि एक 'आज २० तारीख, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचंय'. झालं, घर भरलं.

'गोष्ट' म्हणजे किती, हे मात्र प्रत्येकाच्या मुरलेल्या ज्ञानावर ठरतं. तुमच्याच टेबलावरचा जीएसटी नंबर घ्या. पंधरा अक्षरं-आकडे. नवा मुलगा तो एका नजरेत उतरवूच शकत नाही. तीन-चार अक्षरं बघतो, टाइप करतो, पुन्हा मान वळवतो, आणि चूक त्या मान वळवण्यात होते. तुम्ही पहिले दोन आकडे वाचतही नसाल. गुजरातची पार्टी म्हणजे २४. पुढची दहा म्हणजे तिचा पॅन, आणि पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर ही चाल डोळ्यांना माहीत. मग नोंदणीचा आकडा, बहुतेक वेळा झेड, आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. पंधराचे चार-पाच तुकडे झाले आणि ते मावले. कपाट तेवढंच राहिलं, घडी नीट बसली.

कपाट सरावानं वाढत नाही, याचा सर्वात चांगला पुरावा कार्नेगी मेलन विद्यापीठातला एक विद्यार्थी आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो दीड वर्षाहून अधिक काळ आकडे ऐकून परत म्हणण्याचा सराव करत होता. सातवरून तो ८० च्या आसपास पोचला. पट्टीचा धावपटू होता; आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. गाडी पुन्हा सहावर. एवढा सराव आकड्यांपलीकडे कुठेच कामाला आला नाही. म्हणूनच 'स्मरणशक्ती वाढवा' छाप मोबाइल गेमना मी पैसे देऊ नका म्हणतो. गेममध्ये तुम्ही तरबेज व्हाल, गेममध्येच.

शिट्ट्यांकडे येऊ. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीचे भाग पाडले. त्यातला एक भाग आवाजाचा: मनात म्हणत राहून टिकवायचं. त्याची लांबी फार नाही; साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच त्यात राहतं, आणि घोकणं थांबलं की पुसट होतं. तुम्ही 'दोन, दोन' असं मनात ठेवून भाजी चिरताय, तेवढ्यात फोन: "बेन, पेलुं बिल मोकल्युं?" (ते बिल पाठवलंत का?) तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत की ती आवाजाची जागा त्या वाक्यानं घेतली आणि 'दोन' गेले. यात वयाचा संबंध नाही. विशीतल्या मुलीचेही जातील. भाजी चिरणं त्या मानानं निरुपद्रवी, कारण त्याला ही जागा लागत नाही. घातक ते बोलणं. म्हणजे शिट्ट्या मोजताना काम करा हवं तेवढं, बोलू नका. किंवा मोजायचं कामच डोक्याबाहेर काढा: ओट्यावर चार राजम्याचे दाणे ठेवायचे, शिट्टीला एक दाणा वाटीत. पोरकट वाटतं. पण कारखान्यात आम्ही 'पंप बंद आहे, चालू करू नये' हे कुणाच्या लक्षात राहील या भरवशावर कधीच सोडत नाही. स्विचवर कुलूप आणि टॅग लटकतो.

त्या फोनवर आणखी एक बारीकशी गोष्ट घडली, ती आपल्या वडोदऱ्याच्या मराठी माणसाला रोजची म्हणून जाणवत नाही. तुम्ही शिट्ट्या मराठीत मोजत होतात, उत्तर गुजरातीत दिलंत, समोर टॅली इंग्रजीत, आणि ट्रान्सपोर्टवाल्याशी हिंदी. भाषा बदलणं हेही काम बदलणंच, आणि त्यालाही वेळ लागतो. म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी १९९९ मध्ये दोन भाषा बोलणाऱ्यांना आकडे वाचायला लावले, तेव्हा परक्या भाषेवरून आपल्या भाषेवर परत येणं जास्त महाग पडलं. उलटं वाटतं ना? पण परकी भाषा बोलताना मायबोलीला दाबून ठेवावं लागतं, ते दडपण उतरायला वेळ जातो. आमच्याकडे फील्डमधला माणूस हिंदीत 'उनसठ' म्हणतो, पॅनेलवरच्याला 'उनहत्तर' ऐकू येतं, गुजरातीत 'ओगणसाठ', आणि लॉगबुकात भलताच आकडा. म्हणून नियम केला: आकडा सुटा सुटा आणि इंग्रजीत, 'फाइव्ह-नाइन', आणि ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. फोनवर बिलाची रक्कम घेताना तुम्हीही एवढं करा.

आता मुख्य गोष्ट, परत बसण्याची.

मिशिगन राज्य विद्यापीठात एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पायऱ्या ठरलेल्या, त्या क्रमानं करत जायच्या, आणि मधेच एक-दोन अक्षरं टाइप करायला लावून काम तोडायचं. व्यत्यय सरासरी २.८ सेकंदांचा. तेवढ्यानं क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या. ४.४ सेकंदांच्या व्यत्ययानं तिप्पट. अडीच-तीन सेकंद म्हणजे मोबाइलकडे बघून 'कुणाचा आहे' एवढं पाहणं. फोन उचललाच नाही म्हणून काही बिघडलं नाही असं आपण धरून चालतो; पण कामाचा धागा तेवढ्यातही सुटतो.

सिम्युलेटरवर मी हे मुद्दाम घडवतो. सराव असतो चालू पंप बंद करून राखीव पंप घेण्याचा. सक्शन म्हणजे आत येणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडला का, पंपातली हवा व्हेंटमधून काढली का, डिस्चार्ज म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूचा बंद आहे का, मग स्टार्ट, प्रेशर आलं की डिस्चार्ज हळूहळू उघडायचा. मुलगा छान चाललेला असतो. सक्शन झालं, व्हेंट करायला फील्डवाल्याला सांगणार, तेवढ्यात मी मागून सहज विचारतो, "नाइटला आज कोण येतंय रे?" तो नाव सांगतो, वळतो, आणि बरेचदा थेट डिस्चार्जवर जातो. व्हेंट राहिलं. नंतर विचारलं, "व्हेंट केलं होतंस?" की उत्तर येतं, "केलं ना सर." खोटं बोलत नसतो बिचारा. 'करायचंय' असं मनात आलेलं होतं, आणि आधी शंभरदा केलेलंही होतं. त्या दोन्हींची मिळून 'केलं' अशी आठवण तयार होते.

तुमचं व्हाउचर दोनदा चढतं ते याच्या उलट्या बाजूनं. एन्ट्री सेव्ह झाली, कागद अजून डाव्या गठ्ठ्यातच, फोन आला. परत बसलात तेव्हा 'केलं' ही आठवण पुसट आणि कागद समोर उघडा. डोळ्यांनी जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवलात, पुन्हा चढवलंत. मीठ दोनदा पडतं तेही असंच.

आम्ही मुलांना तीन सवयी लावतो. व्यत्यय आला की आधी कामाच्या कागदावर जिथे आहोत तिथे बोट किंवा खूण, मगच मान वळवायची. समोर साहेब असला तरी 'एक मिनिट' म्हणायचं. खूण करायला दोन सेकंद लागतात, साहेब मरत नाही. आणि परत आल्यावर जिथे सोडलं असं वाटतं तिथून पुढे न जाता एक पायरी मागून सुरू करायचं. यातली तिसरी सवय लावायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण माणसाला आपल्या आठवणीवर नको तितका भरवसा असतो.

तुमच्यासाठी म्हणजे काय? सेव्ह केल्याबरोबर कागद उलटा करून उजवीकडे. पुढचा उचलायच्या आधी. फोन वाजला की समोरच्या व्हाउचरवर पेन्सिल आडवी ठेवायची, मग फोन घ्यायचा. पेन्सिल आडवी दिसली की ते व्हाउचर अर्धवट आहे, डोक्याला विचारायचं कारण नाही. शक्य असेल तर शेठना सांगा की अकरा ते बारा फोन घेणार नाही, बारा वाजता तुम्हीच कराल. विमानात हा नियम कायद्यानं आहे: १९८१ पासून अमेरिकेत विमान १०,००० फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलायची बंदी आहे. १९७४ मध्ये शार्लट इथे उतरताना झालेल्या अपघाताच्या चौकशीत वैमानिक अवांतर गप्पा मारत होते असं निघालं, हे त्यामागचं एक मोठं कारण. अख्खा प्रवास गप्प बसा असं कुणी म्हणत नाही. चढताना आणि उतरताना बसा. तुमच्याकडे २० तारखेच्या आदला दिवस हा उतरण्याचा.

आतल्या खोलीत जाऊन विसरण्याची एवढी धास्ती घेऊ नका. दार ओलांडलं की विसरायला होतं, हे गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी प्रयोगांत दाखवलं होतं. नंतरच्या काहींना डोकं आधीच भरलेलं असतानाच तसा परिणाम मिळाला. म्हणजे पुन्हा तेच चार खणांचं कपाट. उठताना 'कात्री' असं मोठ्यानं म्हणा आणि वाटेत कुणाला उत्तर देऊ नका, पुरतं.

अष्टावधानी म्हणण्याबद्दल मात्र मला जरा रागच आहे. 'बायकांना एकदम चार कामं जमतात' ही स्तुती करून चारही कामं तिच्याच गळ्यात घालायची ही सोय आहे. जर्मनीतल्या एका गटानं २०१९ मध्ये ४८ पुरुष आणि ४८ स्त्रियांना काम बदलण्याच्या आणि दोन कामं एकत्र करण्याच्या कसोट्या दिल्या. भुर्दंड दोघांनाही सारखाच पडला. आणि तेलुगू-कन्नड भागात जे खरोखरचे अवधानी, म्हणजे सभेत ऐनवेळी श्लोक रचणारे कवी असतात, त्यांचा कार्यक्रम नीट पाहिलात तर लक्षात येईल, तिथेही एकदम काही होत नाही. आठ पृच्छक पाळीपाळीनं विचारतात. एकाला श्लोकाचा एक चरण देऊन अवधानी दुसऱ्याकडे वळतो, मधे एक जण मुद्दाम भलतंसलतं बोलून घोळ घालायला बसवलेला असतो, आणि फेरी फिरून आली की पहिल्याचा पुढचा चरण तिथूनच सुरू. शेवटी सगळे श्लोक सलग म्हणून दाखवायचे. त्यांची करामत आहे ती परत नेमक्या जागी येण्याची, आणि त्याला छंद-वृत्तांचा जन्मभराचा रियाज लागतो. कुकर, शेठ आणि सासूबाई वृत्तात बोलत नाहीत.

आता कन्येचं. तिचं सगळंच चूक नाही. विशीत मेंदूचा वेग चाळिशीपेक्षा थोडा जास्त असतो, हे मान्य करून टाका. तिलाही बरं वाटेल. गणितं सोडवणं, बेरजा, नोट्स उतरवणं, अशा हाताला बसलेल्या कामात गाणी चालली तर मी कुरकुर करणार नाही. कायदा किंवा ऑडिटची कलमं पाठ करायची असतील तर नाही. लक्षात ठेवायचं वाचत असताना कानावर पडणारं बोलणं त्या आवाजाच्या जागेत घुसतं, आपण ऐकत नसलो तरी. ती भाषा कळत नसली तरी. १९७६ च्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्यांना जर्मन मजकूर ऐकवून हेच दिसलं होतं. म्हणजे 'कोरियन गाणी आहेत, शब्द कळतच नाहीत' ही सबब चालायची नाही. सतारीनं त्रास कमी होतो.

मोबाइलचं गाण्यापेक्षा वाईट आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोक फोनकडे बघतही नव्हते, नुसती सूचना वाजली किंवा थरथरली, तरी चालू कामातल्या चुका वाढल्या. कुणाचा मेसेज असेल, हा विचारच एक खण घेतो.

यावर आमच्या धंद्यातला एक आकडा तिला सांगा. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको रिफायनरीत स्फोट झाला. चौकशीत निघालं की स्फोटाआधीच्या १०.७ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. अडीच सेकंदांच्या आत एक. अलार्म वाचून, समजून, काही करणं शक्यच नव्हतं. वाजला की 'ॲकनॉलेज' दाबून गप्प करायचा, एवढंच होऊ शकत होतं. नेमका कामाचा अलार्म त्याच गर्दीत गेला. आता ब्रिटनमधल्या ईमुआ संस्थेच्या १९१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत शांतपणे चाललेल्या प्लांटसाठी अपेक्षा अशी आहे, की दहा मिनिटांत एक अलार्म, फार तर. पगार घेऊन, प्रशिक्षण घेऊन, फक्त त्याच कामाला बसलेल्या माणसासाठी. तिच्या मोबाइलवर दहा मिनिटांत किती वेळा वाजतं ते तिनंच एकदा मोजावं.

राहिला सवयीचा मुद्दा. अपवाद असतात. युटामध्ये २०० जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर फोनवरून आठवणीची आणि गणिताची कामं दिली, तेव्हा पाच जणांचं काहीच बिघडलं नाही. अडीच टक्के. पण २०१३ मध्ये त्याच विद्यापीठात असंही दिसलं, की जे सर्वात जास्त वेळ एकदम अनेक कामं करतात आणि त्यात आपण पटाईत आहोत असं समजतात, ते चाचणीत पुढे नसून मागेच असतात. खूप स्क्रीन वापरणाऱ्यांचं लक्ष कायमचं बिघडतं का, यावर मात्र संशोधकांचं एकमत नाही. २००९ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासानं तसं सुचवलं, पुढच्यांत कधी दिसलं, कधी नाही. तेव्हा 'तुझा मेंदू खराब होईल' अशी भीती घालू नका. खरी अडचण आजच्या अभ्यासाची आहे, आणि ती क-एक, ख-दोनच्या वेळांत तिला स्वतःला दिसेल.

एका गोष्टीत तुम्हा दोघींचा इलाज सारखा आहे. अर्धवट सोडलेली कामं मनात टोचत राहतात आणि समोरचं वाचू देत नाहीत. ती पूर्ण करायची गरज नसते. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की 'हे कधी, कुठे, कसं करणार' एवढं नेमकं ठरवलं तरी टोचणी जाते. 'शेठना फोन' असं लिहून उपयोग नाही. 'बारा वाजता, जेवायच्या आधी, शेठना फोन. मार्चचं बिल नंबरासकट समोर' असं लिहा. आमचं शिफ्ट हँडओव्हरही असंच असतं. जाणारा नुसतं 'सगळं ठीक' म्हणून गेला तर येणारा रात्रभर अस्वस्थ. काय अर्धवट आहे, कुठल्या पायरीवर आहे आणि पुढचं केव्हा करायचं हे लॉगबुकात असलं की तो खुर्चीत नीट बसतो. रात्री लॅपटॉप मिटताना तुम्ही सकाळच्या स्वतःसाठी चार ओळी लिहा. जेवणाआधी लिहाव्यात, झोपायला पाठ टेकल्यावर सुचलं तर लिहायला परत उठावं लागतं.

डॉक्टरांचं शेवटी, कारण तुमची खरी भीती तीच आहे असं वाटतंय. झोप सतत अपुरी असेल, थायरॉइड किंवा बी-१२ कमी असेल, पाळीच्या आसपासचे बदल सुरू झाले असतील, मन उदास असेल, तर लक्ष लागत नाही, आणि यातलं बहुतेक उपचारांनी सुधारतं. वर्षभरात रक्त तपासलं नसेल तर तपासून घ्या. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होणं, तासाभरापूर्वी झालेलं अख्खं बोलणंच न आठवणं, नेहमीचा हिशोब समजेनासा होणं, किंवा हे सगळं घरच्यांना तुमच्या आधी जाणवणं, असं असेल तर थांबू नये, न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही. कुठलं व्हाउचर दोनदा चढलं ते तुम्हालाच सापडतंय.